इनास सरांची खिडकी

सकाळी साडेनऊला इनास सर चहाचा कप घेऊन बसायचे आणि आदल्या दिवशी आमच्यापैकी कोणी कोडमध्ये काय काय बदललं, त्याच्या नोंदी मोठ्याने वाचायचे. अगदी खणखणीत. रविवारी ते भुईगावच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बायबलमधलं वाचन करायचे. त्यामुळे आवाज कमावलेला होता आणि प्रत्येक पूर्णविरामाशी थांबायची सवय होती. त्याच थाटात ऑफिसातही वाचायचे.

"मनीषा. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. सेन्सरची फाइल. 'छोटी दुरुस्ती.'"

मग थांबायचे. चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

"छोटी, हे कळलं. दुरुस्ती, हेही कळलं. कशाला?"

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मला हा प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला आणि माझा पारा चढला. मी अंधेरीच्या मोठ्या कंपनीत नऊ वर्षं काढून आले होते. मुलगी झाल्यावर रोजचे चार तास प्रवासात घालवायचे नाहीत असं ठरवलं, आणि नायगावच्या आमच्या घरापासून स्कूटरवर जाता येईल म्हणून सातिवलीतली ही नोकरी धरली. औद्योगिक वसाहतीतला पहिला मजला, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना, वर आम्ही चौदा माणसं. बर्फाचे कारखाने आणि कोल्ड स्टोरेज यांना लागणारी नियंत्रणाची पेटी आम्ही बनवायचो. कॉम्प्रेसर कधी चालू व्हावा, कधी बंद, भोंगा कधी वाजावा, हे ती पेटी ठरवते, आणि पेटीला ते शिकवणारा कोड आम्ही लिहायचो. मला वाटत होतं, इथे मी शिकवायला आले आहे.

इनास सर आयटीआयचे वायरमन. मालक जयेशभाई यांच्या वडिलांनी त्यांना पॅनेल जोडायला ठेवलं होतं. पेटीत चिप आली तेव्हा "ही काय बोलते ते मला कळायला पाहिजे" म्हणून त्यांनी पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. मी आले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. उन्हाळा असो, पाऊस असो, गळ्याशी घडी घातलेला पांढरा रुमाल. खिशात एक टेस्टर, तो मात्र वायरमनकीचा उरलेला. घरी फोन करताना ते भुईगावच्या बोलीत बोलायचे आणि त्यातलं मला चार शब्दांपलीकडे काही कळत नसे. पण फोन ठेवताना हसायचे, त्यावरून त्यांच्या पत्नी रोझीताई पलीकडून काहीतरी सुनावतात एवढं कळायचं.

"कशाला?" हा त्यांचा एकच प्रश्न होता. "काय केलंस ते मला कोडमध्ये दिसतंय, मनीषा. कशाला केलंस ते तुझ्या डोक्यात आहे. तू उद्या आलीच नाहीस तर मी तुझं डोकं कुठून आणू?"

मी मुकाट्याने नोंद नीट लिहायला लागले. पहिले काही दिवस केवळ त्यांना गप्प करायला.

प्रोग्रॅमचा कोड आणि त्यात झालेला एकूण एक बदल जिथे साठवून ठेवतात, त्या जागेला आमच्या धंद्यात रेपो म्हणतात. आमच्याकडे असे त्रेचाळीस रेपो होते, म्हणजे ढोबळमानाने दर गिऱ्हाइकामागे एक. ते सगळे एका सर्व्हरवर होते आणि आत शिरून बघायचं तर आज्ञा टाइप कराव्या लागत. त्या येणारी माणसं तीन. बाकी अकरा जणांसाठी कोड म्हणजे बंद खोली.

याचा सगळ्यात जास्त त्रास हरेशला. हरेश आमचा सर्व्हिसचा माणूस, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. डहाणूपासून उत्तनपर्यंत कुठेही पेटी बिघडली की बॅग घेऊन तोच जाणार. तिथे उभा राहून तो इनास सरांना फोन करी, आणि इनास सर इकडून एकेक ओळ वाचून दाखवत. एकदा पाऊण तास ते फोनवर कोड वाचत होते. शेवटी तिकडून हरेश म्हणाला, "सर, माझ्या कानात आता मुंग्या आल्यात. मला डोल्यांनी दिसंल असं कायतरी करा की."

इनास सरांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "ब्राउझरमध्ये बघता येतं ना रेपो? तुमच्या त्या मोठ्या कंपनीत होतं का तसं?"

"होतं की. पण ते बसवायला वेगळी टीम होती."

"मग इथे मी टीम," ते म्हणाले.

स्टोअररूममध्ये एक जुना कॉम्प्युटर भंगारात जायच्या वाटेवर होता. त्यांनी तो उचलून आणला, ब्लोअरने आतली धूळ काढली, मेमरी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वेब सर्व्हर चढवला. रेपो बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं, छोटंसं होतं. ते बसवायला वीस मिनिटं लागली. पुढचे तीन दिवस ते चालत नव्हतं. पान उघडायचं आणि वर एकच ओळ, रेपो सापडले नाहीत.

त्यांनी सेटिंगच्या फाइलमधला पत्ता तपासला. बरोबर होता. पुन्हा तपासला. मी दोन टेबलं पलीकडून बघत होते. माझ्या लक्षात आलं होतं की वेब सर्व्हरला त्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगीच नाही. तिसऱ्या दिवशी मी उठून गेले.

"सर, परवानगीचा प्रश्न आहे. सगळ्यांना सगळं खुलं करून टाका, एका आज्ञेत चालू होईल."

"सगळ्यांना सगळं म्हणजे? लिहायलासुद्धा?"

"आतल्या आत तर आहे. कोण येणार आहे लिहायला?"

त्यांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा ठेवला. विचार करताना त्यांची ती सवय होती. "हरेशला वाचायला द्यायचंय. ह्या सर्व्हरलाही वाचायलाच द्यायचंय. मग लिहायची परवानगी कशाला?"

घाई, हेच खरं उत्तर होतं. त्यांनी फक्त वाचू शकणारा एक वेगळा गट तयार केला, वेब सर्व्हरला त्या गटात घातलं, त्रेचाळीस फोल्डरांवर एकेक करून परवानगी लावली. बाहेरून येणाऱ्याला पासवर्ड ठेवला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांनी पान पुन्हा उघडलं आणि त्रेचाळीस ओळी खाली खाली उतरत गेल्या. इनास सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "या," म्हणाले, "बघा आता सगळे." त्या दिवसापासून ऑफिसात त्या पानाला सगळे खिडकी म्हणायला लागले. नाव कोणी ठेवलं आठवत नाही.

खिडकी उघडली, पण आत काय दिसावं? प्रत्येक रेपोच्या नावापुढे वर्णनाची जागा होती आणि त्रेचाळीसही जागी इंग्रजीत तेच यांत्रिक वाक्य होतं, हा निनावी रेपो आहे, नाव द्यायचं तर ही फाइल बदला. आमच्या रेपोंची नावंसुद्धा आकड्यांत होती. मी असते तर गिऱ्हाइकाचं नाव घालून एका दुपारी मोकळी झाले असते. इनास सरांनी त्यावर दोन महिने घातले. रोज जेवण झाल्यावर एक वर्णन. ज्याच्याबद्दल माहीत नसेल त्यासाठी ते जुन्या लोकांना फोन करायचे. कंपनी सोडून पुण्याला गेलेल्याला, दुकान टाकून बसलेल्याला, एकदा तर हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या एका जुन्या फिटरला. "तब्येत कशी आहे? बरं. ते पालघरचं मशीन आठवतं का?"

पहिल्यांदा मराठीत लिहिलं तेव्हा पानावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. अक्षरांचा संच बदलल्यावर देवनागरी नीट दिसायला लागली. मग आम्ही रोज दुपारी नवीन काय आलं ते बघायचो. अर्नाळ्याच्या कारखान्यापुढे लिहिलं होतं, 'दोन कॉम्प्रेसर. दुसरा पावसाळ्यात रुसतो, त्याला आधी सुरू करावे.' डहाणूच्या चिकूच्या कोल्ड स्टोरेजपुढे, 'दार उघडे राहिले तर भोंगा. मालकांच्या आईंना त्रास होतो म्हणून भोंगा हळू ठेवला आहे. वाढवू नये.' आणि एका रेपोपुढे, 'हा कोणाचा ते कळले नाही. शोध चालू आहे. पुसू नये.'

खिडकीने सगळ्यात आधी फसवलं जयेशभाईंना. ते पन्नाशीचे, तापट, पण मनाने वाईट नाहीत. कोड त्यांना वाचता येत नसे, तरी खिडकी उघडून बघायला आवडायचं. एक दिवस ते सरळ इनास सरांच्या टेबलाशी आले. "इनास, तू पहाटे साडेचारला काम करतोस? घरी सगळं ठीक आहे ना? रोझीभाभी काही बोलत नाहीत?"

इनास सर गोंधळले. मग त्यांनी स्क्रीन बघितला आणि हसू आवरेना. पान वेळ दाखवत होतं ती ग्रिनिचची. आपले सकाळचे दहा तिथे साडेचार दिसत होते. त्यांनी समजावून सांगितलं. जयेशभाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी काल सगळ्या सप्लायर लोकांना सांगितलं, माझा माणूस पहाटे उठून काम करतो, ते काय?"

"ते राहू दे," इनास सर म्हणाले, "मी वेळ दुरुस्त करतो. त्यांना नका सांगू."

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान मात्र त्यांनी मुद्दाम बंद ठेवलं होतं. फाइल उघडली की प्रत्येक ओळीच्या डावीकडे ती ओळ शेवटी कोणी बदलली त्याचं नाव दिसतं. इंग्रजीत त्या बटणावर जो शब्द असतो त्याचा सरळ अर्थ दोष. मी एकदा विचारलं, ते का चालू करत नाही? ते म्हणाले, "जयेशभाई बघतात ना खिडकी. दोष असं लिहिलेलं बटण दिसलं की माणूस दाबणारच."

पण जयेशभाईंना ते कळलं. कोणा मित्राकडे जेवायला गेले असताना त्याने सांगितलं असावं. आणि कळलं ते नेमकं वाईट वेळी.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली. पाचूबंदरला बोटी रंगवून तयार होत्या, जाळी चढली होती. बर्फाशिवाय बोट निघत नाही. आठ-दहा दिवसांचा मासा ठेवायचा कशात? धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आमची पेटी होती. त्या आठवड्यात विजेच्या तारांचं काम चालू होतं, दिवसातून दहा-बारा वेळा वीज जायची आणि यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला हरेशचा फोन आला. इनास सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, लाद्या होईनात. डब्यात बाजूनं बरफ धरतंय आन मधी पानीच हाय. तीन दिस झाले. माझ्या भावाची बोट पन थांबलीय. लोक माझ्याकडं बगतात, सर."

"कॉम्प्रेसर चालतोय?"

"तेच सांगतो. मी खिडकी उगडली फोनवर. ती फाइल बगितली. लाइट आली का अर्धा तास थांबायचं, असं लिवलंय. म्हंजी दर टायमाला लाइट आली तरी हा अर्धा तास गप. तेवढ्यात परत जाते. मग बरफ होनार कदी? अर्धा तास कशाला ठेवलाय, सर?"

ज्याने आयुष्यात कधी एक ओळ कोड लिहिली नव्हती, त्याने धक्क्यावर उभं राहून ती ओळ शोधली होती. एरवी इनास सरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"पाच मिनिटं करू का?" मी विचारलं. "बहुतेक मशिनांना पाच पुरतात."

"कोणीतरी अर्धा तास ठेवला म्हणजे काहीतरी असेल. मोटर जळली तर बोटी पंधरा दिवस किनाऱ्याला. हरेश, थांब, मी तुला फोन करतो."

तेवढ्यात जयेशभाई आत आले. कारखान्याच्या मालकाने त्यांना फोनवर चांगलंच झापलं होतं. "कोणी लिहिलं हे? ते नाववालं पान असतं ना? मला माहीत आहे असतं. उघडा. अब्बी."

इनास सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली. पान मीटिंगच्या मोठ्या टीव्हीवर लावलेलं होतं. अर्ध्या तासाची ती ओळ मधोमध आली आणि तिच्या डावीकडे नाव होतं, मनीषा.

मला ती ओळ लिहिल्याचं आठवतच नव्हतं. खोलीतली सगळी माणसं टीव्हीकडे बघायचं सोडून टेबलाकडे बघायला लागली. जयेशभाई माझ्याकडे वळले, काही बोलणार इतक्यात इनास सर म्हणाले, "थांबा. नाव तिचं आहे. आकडा तिचा नाही. तिने ह्या फाइलमधल्या ओळी सरळ रेषेत आणल्या होत्या, मार्चमध्ये. इथे बघा, आधीही तीसच आहे."

ते एक पाऊल मागे गेले. तिथे पुण्याला गेलेल्या मुलाचं नाव होतं. "ह्याने फाइल इकडून तिकडे हलवली. आकडा तोच." आणखी मागे. आणखी एकदा. मग तळ लागला. अकरा वर्षांपूर्वीची नोंद. ती त्यांनी वाचली, रोज सकाळी वाचायचे त्याच आवाजात.

"इनास. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी. 'बदल.'"

एवढंच होतं त्यात. बदल. इनास सर टीव्हीसमोर उभेच राहिले. कोणी हसलं नाही. "माझी ओळ," ते म्हणाले. "आणि कशाला ते मी लिहिलेलं नाही."

खरं सांगायचं तर ते माझ्या नावापाशी थांबले असते तरी चाललं असतं. कोणाला कळलं नसतं, मलासुद्धा नाही. मी नवीन होते, मी ती शिक्षा मान्य केली असती.

इनास सर जयेशभाईंपेक्षा जुने, त्यांच्या वडिलांच्या वेळचे. जयेशभाईंनी एवढंच विचारलं, "आता?"

"आता मला दहा मिनिटं द्या," म्हणून इनास सर गॅलरीत गेले. काचेतून दिसत होतं. कठड्याला धरून उभे, खिशातला टेस्टर काढतात, ठेवतात, काढतात. परत आले तेव्हा चेहरा सैल झाला होता.

"बोईसर. एक कोल्ड स्टोरेज होतं. मोटर जुनी, दोनदा वाइंडिंग केलेली. लगेच सुरू केली की तापायची. तिथला मेकॅनिक म्हणाला होता, अर्धा तास तरी हात लावू नका. मी त्या एका मोटरसाठी आकडा घातला आणि पुढच्या सगळ्या पेट्यांत तोच कोड गेला."

"मग झालं," मी म्हणाले. "पाच करू या."

"हे मला आठवतंय. आठवतंय म्हणजे खरं आहे असं नाही." त्यांनी डायरी काढली, तीन फोन केले, तिसऱ्यावर तो मेकॅनिक मिळाला. पालघरला नातवाला सांभाळत होता. स्पीकरवर मागे पोर रडत होतं. त्याला ती मोटर लख्ख आठवत होती. "भंगारात गेली ती, इनास. ते कोल्ड स्टोरेजच बंद झालं. माझ्या डोक्याला किती ताप दिला होता तिने!" मग इनास सरांनी पाचूबंदरच्या कॉम्प्रेसरचं माहितीपुस्तक काढून बघितलं, पाच मिनिटं लिहिलेली होती, तेव्हा कुठे त्यांनी आकडा बदलला. नोंद लिहायला आकडा बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सहा ओळींची नोंद होती ती. बोईसरची मोटर, मेकॅनिकचं नाव, कोणाला त्रास झाला, सगळं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'हे तेव्हाच लिहायला हवे होते.'

दुपारी दोनला हरेशने पेटीत नवीन कोड चढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत लाद्या निघायला लागल्या. फोनवरून कळवलं असतं तरी चाललं असतं, पण इनास सर म्हणाले, "मी जाऊन येतो. माझी ओळ आहे." मी त्यांच्या स्कूटरमागे माझी स्कूटर घेऊन गेले. वाटेतल्या जुन्या किल्ल्याला वळसा घालून धक्क्यावर पोचलो तर लाद्या यंत्रात घालून भुगा करत होते आणि तो पाइपातून बोटींच्या खणात पडत होता. इनास सर थेट कारखान्याच्या मालकाकडे गेले. काय बोलले ते यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मालक आधी हातवारे करत होता, मग ऐकत होता, मग त्याने चहा मागवला.

हरेशची आई टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. हरेशने ओळख करून दिली. तिने इनास सरांना आपादमस्तक बघितलं. "तुमीच काय ते? तुमच्या मशिनीनं तीन दिस आमाला नुसतं पानी पाजलं!"

"हो, मीच," इनास सर म्हणाले.

ती मोठ्याने हसली आणि निघताना सुक्या बोंबलांची एक पिशवी त्यांच्या स्कूटरला अडकवून दिली. हरेशच्या भावाची बोट भरली होती. ती सुटेपर्यंत आम्ही थांबलो.

सोमवारी मला वाटलं होतं, ते नावांचं पान पुन्हा बंद होणार. ते बंद झालं नाही. इनास सरांनी सॉफ्टवेअरचे शब्द असलेली फाइल उघडून बटणावरचा शब्द बदलला. दोषाच्या जागी आता मराठीत लिहिलं होतं, 'कोणाला विचारायचं'. जयेशभाईंनी ते दोन दिवसांनी बघितलं. "ये अच्छा है," म्हणाले. "मला पण विचारायचंच असतं. विचारताना आवाज चढतो, ते वेगळं." त्यानंतर त्यांचा आवाज चढायचा थांबला असं नाही. पण चढला की कोणीतरी म्हणायचं, "भाई, बटण दाबा," आणि ते स्वतःच हसायचे.

पुढे साठ पूर्ण झाल्यावर इनास सर निवृत्त झाले. शेवटचा महिना त्यांनी एकाच कामात घालवला. स्वतःच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि जिथे जिथे नुसतं 'बदल' लिहिलेलं सापडलं त्याची यादी केली. एकोणतीस निघाले. जुनी नोंद बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक रेपोत एक वेगळी फाइल ठेवून त्यात कारणं लिहिली. काही त्यांना आठवली नाहीत. तिथे त्यांनी लिहिलं आहे, 'आठवत नाही. घाबरू नका, बदलून बघा. पण आधी हरेशला सांगा.' ते वाक्य आम्ही आजही वापरतो, कोडमध्ये आणि एरवीही.

सकाळचं वाचन आता मी करते. माझा आवाज त्यांच्यासारखा नाही, आणि मला पूर्णविरामाशी तेवढं थांबता येत नाही.

निवृत्तीनंतरच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, जेनीचं लग्न होतं. रोझीताईंनी फोनवर बजावलं होतं, "लग्नाला सगळेच येतात. तू आदल्या दिवशी पाणी आणायला ये." म्हणून मी मुलीला घेऊन भुईगावला गेले. ऊन कलायला लागलं होतं. घरून विहिरीपर्यंत मिरवणूक निघणार होती, तिथून लग्नघरी पाणी न्यायचं. पुढे ब्रास बँड, मागे लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, घागरी घेतलेल्या मुली, आणि सगळ्यांच्या मधोमध इनास सर.

ते नाचत होते. मी त्यांना चार वर्षं खुर्चीत बसलेलं, फार तर टीव्हीसमोर उभं असलेलं बघितलं होतं. आता त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, चपला कुठेतरी काढून टाकल्या होत्या आणि ते रोझीताईंना धरून गोल गोल फिरत होते, डोळे मिटून, पावलं तालात अगदी चोख. रोझीताईंना धाप लागली, त्या हसत हसत बाजूला झाल्या आणि पदराने वारा घ्यायला लागल्या. इनास सर थांबले नाहीत. "आई, ते सर आहेत?" माझ्या मुलीने विचारलं. मी हो म्हणाले. तिला खरं वाटलं नाही.

मी हाक मारली नाही. बँडने गाणं संपवत आणलं तशी त्यांनी डोळे न उघडताच हात वर करून खूण केली, आणखी एक. ट्रम्पेटवाला हसला, त्याने दम घेतला आणि पुन्हा सुरू केलं. मिरवणूक केळीच्या बागेशी वळली. आधी बँड आड गेला, मग लाल लुगडी, मग घागरी, आणि पानांच्या वर सगळ्यात शेवटपर्यंत दिसत राहिला तो इनास सरांचा वर धरलेला हात.